दार ते खुर्ची

महापेच्या कंपनीचं पत्र आलं तेव्हा मी सांगलीत ज्याला त्याला सांगत सुटले, आणि जो तो एकच म्हणाला, "मग ठाण्यात राहा. आपली माणसं आहेत तिथं." महापे नक्की कुठे, हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. ते नवी मुंबईत. मोबाइलच्या नकाशात ठाणे ते महापे पस्तीस मिनिटं दिसत होती आणि मी खूश होते. तो नकाशा मी रविवारी दुपारी, जेवणं आटोपल्यावर उघडला होता, हे पुढे कळलं.

ही गोष्ट २०२५ च्या जानेवारीतली. माझं काम प्रयोगशाळेतल्या उपकरणांच्या देखभालीचं. कोणाचं यंत्र कुठे बंद पडलंय, कोणाला कुठे धाडायचं, हे दिवसभर फोनवर. नवऱ्याने बँकेत बदली मागितली होती, ती जूनपासून मिळत होती, पण फोर्टला. मुलगी चौथीत, तिची परीक्षा एप्रिलमध्ये. सासरे, म्हणजे अण्णा, चौऱ्याहत्तरचे. एक गुडघा बदललेला आणि दुसरा 'बघू' म्हणून ठेवलेला. म्हणजे माणसं चार, घर एक, आणि दोन कचेऱ्यांची तोंडं दोन दिशांना. भाड्याची ताकद अठ्ठावीस हजार. त्यापुढे गेलो की सांगलीच्या घराचा हप्ता डोळे वटारणार.

जूनपर्यंत मी एकटी ठाण्याला, नौपाड्यात आत्याकडे राहणार आणि तेवढ्यात घर शोधणार, असं ठरलं. आत्याचे यजमान, आमचे काका, एकतीस वर्षं ठाणे ते सीएसएमटी लोकलने गेलेले. निवृत्तीला दहा वर्षं झाली तरी साडेसातला त्यांचे पाय आपोआप चपलेत जातात. १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्यात आली, हे ते असं सांगतात की जणू गाडी तेच हाकत होते. पहिल्या रात्री मी त्यांना माझी पस्तीस मिनिटं दाखवली. त्यांनी चष्मा वर केला. "हे स्टेशन ते स्टेशन आहे. तसं रेल्वे मोजते. तू दारापासून खुर्चीपर्यंत मोज. घराचं दार ओढलंस ती वेळ, आणि ऑफिसात खुर्चीत टेकलीस ती वेळ."

लेकीची एक अर्धी उरलेली दोनरेघी वही बॅगेत आली होती. तिच्यात रकाने आखले: दार, पूल, गाडी, उतरले, खुर्ची. शेवटचा रकाना 'टीप'. पहिली ओळ अजून जशीच्या तशी आहे: '६ जाने., सोम. दार ८.०५, पूल ८.१९, गाडी ८.३१ (एक सोडली), कोपरखैरणे ८.५२, खुर्ची ९.१४. टीप: डबा उलटला, आमटी.'

पूल हा रकाना कशाला, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. नौपाडा स्टेशनच्या पश्चिमेला, आणि ट्रान्स-हार्बरच्या, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईला जाणाऱ्या गाड्या सुटतात नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून, म्हणजे पार पूर्वेकडून. सकाळी आठला अख्खं स्टेशन आडवं ओलांडायचं. पुलावर चालत नाही कोणी, सगळे सरकतात. कल्याण-डोंबिवलीकडून आलेली माणसं ऐरोली-रबाळे-घणसोलीच्या कंपन्यांसाठी इथेच गाडी बदलतात, त्यामुळे जिना चढताना आपण प्रवाहात असतो आणि उतरताना प्रवाहाविरुद्ध. ही लाइन २००४ ची. काकांच्या हिशेबी ती 'परवाची' म्हणून तिच्याविषयी त्यांना फारसं मत नाही.

लेडीज डब्याने मला पहिल्याच आठवड्यात शहाणं केलं. गाडी हलण्याआधीच बायका बसलेल्यांना विचारत येतात, "कुठं उतरणार?" मला वाटायचं चौकशी चाललीय. मी आनंदाने "कोपरखैरणे" सांगायचे, वर "तुम्ही?" असंही विचारायचे. तिसऱ्या दिवशी शेजारच्या बाईंनी समजावलं की ती माझ्या जागेची नोंदणी होती, आणि मी ती एकाच वेळी दोघींना देऊन ठेवली होती. त्या दोघी घणसोलीपर्यंत एकमेकींशी बोलल्या नाहीत.

गाडीतली वीसेक मिनिटं म्हणजे त्या दिवसातला सगळ्यात बरा भाग. खरा वेळ दोन्ही टोकांना जायचा. कोपरखैरण्याला उतरलं की महापेच्या शेअर रिक्षाची रांग. तीन माणसं भरली की निघणार, पण चौथं मिळेल या आशेने ड्रायव्हर बाहेर उभा. एकटीने मीटरवर जायचं तर मी आले तेव्हा २३ रुपयांनी सुरुवात व्हायची, १ फेब्रुवारीपासून २६ झाली. रोज परवडायचं नाही. कंपनीची बसही होती, तीन हात नाक्यावरून. ती सात पन्नासला यायची आणि सात एक्कावन्नला गेलेली असायची. शिवाय ती कळव्यावरून विटाव्याच्या रेल्वेपुलाखालून जाते, आणि पावसाळ्यात तिथे पाणी तुंबलं की बसमधले लोक घरी फोन करून ऑफिसऐवजी जेवणाचं विचारतात, असं जुन्या सहकाऱ्यांनी सांगितलं.

महिनाभराच्या नोंदींची सरासरी निघाली सहासष्ट मिनिटं. नवरा फोनवर म्हणाला, "मग झालं की! मलाही ठाण्याहून तेवढंच लागेल. ठाणं पक्कं." नौपाड्यात घरं बघायला सुरुवात केली. सत्तावीस हजारात तिसऱ्या मजल्यावरचं, लिफ्ट नसलेलं वन बीएचके, भिंतीला ओल, पण खिडकीतून पिंपळ. मालक सज्जन होते. जाताना दारात म्हणाले, "एक सांगून ठेवतो. सोसायटीचं पुनर्विकासाचं चाललंय. अकरा महिने बहुतेक काही होत नाही. पुढचं पुढं." नौपाड्यात पाहिलेल्या पाचांपैकी चार घरांच्या दारात हेच वाक्य ऐकलं. पाचवं घर आमच्या आवाक्यातलं नव्हतं.

मग मामेभाऊ म्हणाला, ठाण्यातच, पण घोडबंदर रोडला ये. तो कासारवडवलीत चोविसाव्या मजल्यावर राहतो. बाल्कनीतून येऊरचे डोंगर, खाली पोहण्याचा तलाव, दोन लिफ्ट, आणि तिसाच्या आत टू बीएचके मिळण्याची खात्री. अण्णांना स्वतंत्र खोली! मी दोन रात्री मुक्कामाला गेले आणि दोन्ही सकाळी तिथून ऑफिस गाठलं. पहिल्या दिवशी वहीत: 'दार ७.२०, बस ७.४१, कापूरबावडी ८.२५ (बसमध्येच), स्टेशन ८.५०, खुर्ची ९.४२.' दोन तास बावीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटं कमी, कारण माजिवड्याला उतरून मी रिक्षा केली. मेट्रो ४ चं काम रस्त्याच्या मधोमध चालू होतं, पत्रे लावलेले, आणि उरलेल्या रस्त्यात गुजरातकडचे ट्रेलर आणि शाळेच्या बस एकमेकांना जागा देत नव्हत्या. भाऊ शांतपणे म्हणाला, "मेट्रो आली की बघ." तिकडे घराचा भाव, भाडं, मुलांची शाळा, म्हाताऱ्यांचं आणणं, सगळंच 'मेट्रो आली की' या तीन शब्दांवर तोललेलं होतं. ती येईलही. मला मात्र सोमवारी नऊला हजर व्हायचं होतं.

आणि पाणी. दुसऱ्या रात्री वहिनीने बादल्या भरून ठेवल्या तेव्हा मी खाली जाऊन वॉचमनला विचारलं. म्हणाला, "रोज टँकर येतात, मॅडम. चार. उन्हाळ्यात मोजत नाही." भाडं, पाणी, टँकर आणि लिफ्ट यांचं नातं कोणत्याही जाहिरातीत सापडत नाही. ते वॉचमनला पाठ असतं. त्यानंतर कुठेही घर बघायला गेले की एजंट चावी शोधत असताना मी आधी वॉचमनशी बोलायची सवय लावून घेतली.

खारघर एका रविवारी पाहिलं. मेगाब्लॉक होता, त्यामुळे जाता-येताच निम्मा निकाल लागला. गाव देखणं, रस्ते असे रुंद की ओलांडताना मध्येच दमायला होतं. बेलापूर-पेंधर मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झाली तेव्हापासून आतल्या बाजूची घरंही चालू लागली आहेत, आणि ती खरंच स्वस्त. मला तिकडून ठाण्याची गाडी थेट पडली असती. पण नवी मुंबईहून सीएसएमटीला जाणाऱ्या हार्बर लाइनला फास्ट गाडी हा प्रकारच नाही. खारघरहून निघालेली गाडी सीएसएमटीपर्यंत प्रत्येक स्टेशनाला नमस्कार करत जाते. नवऱ्याने वेळापत्रक पाहून एवढंच विचारलं, "मी परत यायचं आहे ना रोज?" खारघर मिटलं. मुलुंडचं भाडं ऐकून आम्ही पुन्हा त्याचा विषय काढला नाही. कळव्याला एक घर आवडलं होतं, पण तिथे फास्ट गाड्या थांबत नाहीत, आणि ठाण्याला येणारी स्लो कळव्याला पोचते तोवर दारात लटकलेल्यांची पिशवीही आत जात नाही.

तर फेब्रुवारीअखेर आमचं ठाण्याचंच नक्की होत होतं. नौपाड्यात नाही तर पाचपाखाडीत. मग आत्या न्हाणीघरात घसरली.

दुपारी तीनला काकांचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच, पण "लगेच निघ" म्हणाले. मी तीन वाजून चार मिनिटांनी खुर्ची सोडली. दुपारी महापेच्या नाक्यावर शेअर रिक्षा भरत नाही. तिघींच्या जागेचे पैसे एकटीने दिले. कोपरखैरण्याला पोचले तर नुकतीच गाडी गेलेली. सकाळी पाठोपाठ येणाऱ्या गाड्या दुपारी विरळ होतात, हे मला ठाऊकच नव्हतं, कारण दुपारी मी कधी त्या फलाटावर उभी राहिले नव्हते. पुढची आली ती ऐरोलीच्या पुढे सिग्नलला उभी राहिली. खिडकीतून खाडी आणि खारफुटी दिसत होती, एक मुलगा शेंगदाणे विकत होता, आणि मी मोबाइलवर मिनिटं मोजत होते. पूल, जिना, रिक्षावाल्याचं "नौपाडा नाही जाणार". घरी पोचले तेव्हा चार वाजून छत्तीस मिनिटं झाली होती. आत्याच्या मनगटाला प्लॅस्टर घालून, खालच्या डॉक्टरांकडून आणून, काकांनी तिला चहासुद्धा पाजला होता. मला पाहून आत्या म्हणाली, "अगं, तू कशाला धावत आलीस?"

त्या रात्री वहीत एक रकाना वाढला: 'उलटी'. खुर्ची ते दार, अवेळी. मी तोवर सगळा हिशेब घरून निघायचा मांडला होता. आपण सकाळी कितीला पोचतो हे साहेबाला महत्त्वाचं. शाळेतून फोन आला, अण्णा जिन्यात पडले, तर आमच्यापैकी कोण किती वेळात घरी पोचणार, हा प्रश्न मी एकदाही मांडला नव्हता. नवरा फोर्टहून तासाभराच्या आत येणं ठाण्यालाही शक्य नाही आणि नवी मुंबईलाही नाही. म्हणजे येणार ती मी. आणि मी ठाण्यात राहिले तर माझी उलटी ब्याण्णव मिनिटांची.

नवऱ्याशी हे फोनवर बोलून चालण्यासारखं नव्हतं. मार्चमध्ये तो रजा टाकून आला आणि त्याने स्वतः ठाण्याहूनचा आणि माझ्या ऑफिसजवळच्या कोपरखैरण्याहूनचा, असे दोन्ही प्रवास करून पाहिले. पहिल्या दिवशी ठाण्याहून फास्ट. त्रेसष्ट तासांचा ब्लॉक घेऊन २०२४ मध्ये पाच नंबरचा फलाट रुंद केला, आता बरंच सुसह्य झालंय, असं काकांनी त्याला निघताना सांगितलं होतं. फलाट खरंच रुंद होता. गाडीची दारं पूर्वीएवढीच होती. दोन गाड्या सोडून तिसरीत चढला, फोर्टच्या दारात एक तास आठ मिनिटांत. दुसऱ्या दिवशी ठाण्याहूनच सुटणारी स्लो, बसायला जागा, वीस मिनिटं जास्त. तिसऱ्या दिवशी कोपरखैरणे, तिथून वाशी, वाशीहून हार्बर: एक तास चाळीस. संध्याकाळी आत्याच्या स्वयंपाकघरात बसून तो बराच वेळ वही उलटसुलट करत होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे तुझी रोजची चाळीस मिनिटं वाचवायला माझी बत्तीस जाणार."

"एका वेळची," मी म्हटलं.

"हो, एका वेळची. ते तर आणखी वाईट."

खोटं कशाला बोलू, तो दुखावला होता. हिशेब कुठेही बरोबरीचा नव्हता. मी उलटीचा रकाना दाखवला. त्याने तो आधीच पाहिला होता. काका मध्ये पडले नाहीत, ते बाहेर जाऊन टीव्ही लावून बसले. आत्या एका हाताने पोळ्या लाटायचा प्रयत्न करत होती आणि मी तिच्या हातून लाटणं काढून घेतलं. नवरा तेवढ्यात म्हणाला, "वाशीहून सुटणारी गाडी मिळाली तर बसायला मिळतं का ते बघ." तिथे निकाल लागला.

कोपरखैरणे-घणसोलीत घर शोधणं हा वेगळाच उद्योग. ऑफिस सुटलं की चालत फिरायचं, सेक्टर मागे टाकत. सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीने आखलेलं गाव असल्याने रस्ते सरळ, पण घरांचं तसं नाही. रो-हाउसच्या रांगांमध्ये तळमजल्यावर पहिला, पहिल्यावर दुसरा, दुसऱ्यावर कधीकधी पत्र्याचा तिसरा चढलेला. वरच्या मजल्याच्या परवानगीचं विचारलं की एजंट लगेच पाण्याचा विषय काढायचा. अर्थात पाण्याच्या बाबतीत त्याला सांगण्यासारखं होतं; नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे, हे इथला प्रत्येक एजंट मोठ्या तोऱ्यात सांगतो.

माझी अडचण वेगळी होती. "फॅमिली ना, मॅडम?" या प्रश्नाला मी खरं उत्तर द्यायचे: "हो, पण एप्रिलपासून मी एकटी येईन, बाकीचे जूनला." एवढ्यावर दोन घरं गेली. एका सोसायटीच्या सचिवांनी मला समोर बसवून विचारलं, "मग जूनपर्यंत तुमच्याकडे कोण कोण येणार?" मी म्हटलं, झुरळं. ते घर गेलंच. घणसोलीत एके ठिकाणी पाच हजार टोकन दिलं, आठवड्याने कळलं की मालकाने दुसऱ्याला दिलं. पैसे परत आले, पण एकवीस दिवसांनी, दोन हप्त्यांत, आणि रोज एक फोन केल्यावर. टोकन देताना साध्या कागदावर का होईना, किती दिवसांत घर नाही मिळालं तर परत, एवढं लिहून घ्यावं. मी नंतर तसं केलं.

डब्यातल्या त्याच शेजारच्या बाईंनी, ज्यांनी मला जागेची रीत शिकवली, आणखी एक सांगितलं होतं. "घर पसंत पडलं की रात्री अकराला जाऊन उभी राहा. वारा एमआयडीसीकडून, कारखान्यांकडून असला तर कळेल." गेले. एक जागा दिवसा अगदी मनासारखी वाटली होती. समोर बाग, दोन मिनिटांवर भाजीवाले. रात्री अकराला गल्लीत उभं राहिले तर नाकात आंबट, जळकट असं काहीतरी शिरलं आणि घशाशी बसलं. बाकड्यावर पत्ते खेळणाऱ्यांना विचारलं. एक म्हणाला, "आज कमी आहे." दुसरं घर रेल्वेच्या अलीकडे, खाडीच्या अंगाला होतं. तिथे रात्री वास नव्हता. डास होते, इतके की उभं राहून विचार करता येईना. मी डास निवडले. त्यांना जाळी लावता येते.

हे दुसरं घर आबांचं. सिडकोच्या चार मजली इमारतीत पहिला मजला, वन बीएचके, चोवीस हजार, अनामत एक लाख. अठरा पायऱ्या. आबा स्वतः जवळच रो-हाउसमध्ये राहतात. पंच्याहत्तरीचा माणूस, पांढरी टोपी, खांदे अजून असे की कपाट एकट्याने सरकवतील. घाऊक मार्केट मुंबईहून इकडे आलं तेव्हापासून कांदा-बटाट्यात माथाडी, म्हणजे गोण्या वाहणारे. मी आडनाव सांगितलं तर पहिला प्रश्न, "गाव कुठलं म्हणायचं?"

"शिराळा तालुका."

"मंजे आमच्या डोंगराच्या पल्याडचीच की! आमी पाटण खोऱ्यातलं." एकटी राहण्याविषयी त्यांनी काहीच विचारलं नाही. त्यांच्या बायकोने विचारलं, "जेवायचं काय करशील तवर?"

करार मात्र आबांना नोटरीवर करायचा होता. रजिस्टर करण्यात त्यांना भानगड वाटत होती, कोणीतरी सांगून ठेवलेलं की रजिस्टर केलं की भाडेकरू हलत नाही. खरं तर उलट आहे, आणि हे मी त्यांना अंगणात बसून दोन वेळा सांगितलं. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमाने करार लेखी आणि नोंदवलेला असणं बंधनकारक आहे, आणि नोंदवायची जबाबदारी मालकावर आहे. नोंदवला नाही तर उद्या वाद झाल्यावर भाडेकरू अटींविषयी जे सांगेल ते खरं धरलं जातं, मालकाने खोटं ठरवेपर्यंत. "म्हणजे नोटरीवर केलं तर मी म्हणेन भाडं बारा हजार ठरलं होतं," मी म्हटलं. आबा माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "बोलव पोराला." माझी गरजही होती: शाळेच्या प्रवेशाला आणि गॅसला नोंदवलेला करारच चालणार होता.

एजंटचा मुलगा लॅपटॉप, छोटा कॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन रविवारी सकाळी आला. एक अकरा महिन्यांचा करार, दोन साक्षीदार, भाडं आणि अनामतीवरचं व्याज धरून ०.२५ टक्क्याने मुद्रांक शुल्क सातशेच्या आसपास, नोंदणी फी हजार, त्याची मजुरी वेगळी. माझा अंगठा एका दमात उमटला. आबांचा उमटेना. उजवा, डावा, पुन्हा उजवा. पडद्यावर लाल अक्षरं. मुलगा म्हणाला, "आबा, कपाळावर घासा. तेल लागतं." आबांनी टोपी मागे सरकवून कपाळावर अंगठा घासला. नाही. ओल्या फडक्याने पुसला, वाळवला, हळू दाबला, जोरात दाबला. नाही. मी पहिल्यांदा त्या अंगठ्याकडे नीट पाहिलं. पेरं काचेसारखं गुळगुळीत झालेलं, मध्ये दोन जुन्या चिरा. "रेघा गोण्यांनी नेल्या," आबा म्हणाले. त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. त्यांची बायको मात्र आत निघून गेली. एकेक करून सगळी बोटं लावून पाहिली, आणि आठव्या बोटाला, डाव्या हाताच्या अनामिकेला, यंत्र हिरवं झालं. मुलाने टाळी वाजवली. चहा आला, बरोबर शिरा.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी सतरंजी, कुकर आणि वही घेऊन राहायला गेले. 'दार ८.३२, खुर्ची ८.५६.' टीप रिकामी. उलटी दोनदा मुद्दाम करून पाहिली, एकदा दुपारी तीनला: एकोणीस मिनिटं.

बाकीचे १ जूनला टेम्पोबरोबर आले. अण्णांनी पायऱ्या मोजल्या आणि "सतराच आहेत" असं जाहीर केलं; एक ते उंबऱ्यात धरतात. त्यांना खोली नाही, ते हॉलमध्ये दिवाणावर झोपतात, आणि रात्री दहानंतर आम्हाला टीव्ही लावता येत नाही. घोडबंदरच्या त्या दुसऱ्या खोलीची आठवण मला दर रात्री दहाला येते. सकाळी ते निसर्ग उद्यानात जातात. आबाही तिथे येतात. दोघांमध्ये पाऊस कुठे जास्त पडतो, पाटणला की शिराळ्याला, यावर भांडण चालू आहे.

९ जूनला मुंब्र्याजवळ वळणावर गच्च भरलेल्या लोकलमधून माणसं रुळांवर पडली, काहींचा जीव गेला. अण्णा दिवसभर टीव्हीसमोरून उठले नाहीत. नवऱ्याला बँकेत रुजू होऊन आठवडाच झाला होता. तो संध्याकाळी आला तेव्हा अण्णांनी त्याला गाडीचं दार किती उघडं असतं, तू कुठे उभा राहतोस, असं खोदून खोदून विचारलं. तो म्हणाला, "मी बसून जातो, अण्णा." त्या दिवशी तरी ते खरं होतं. वाशीहून सुटणारी गाडी त्याने हेरून ठेवली होती.

ऑगस्टमधल्या त्या मुसळधार पावसात मुख्य लाइन आणि हार्बर, दोन्ही बंद पडल्या. नवरा फोर्टलाच, बँकेतल्या मित्राकडे राहिला. ठाण्यात असतो तरी तिथेच राहिला असता. शाळेचा निरोप अकराला आला. मी पावणेबाराला लेकीला घेऊन घरी होते, दोघी चिंब, आणि आबांनी खालून हाक मारून विचारलं की गच्चीच्या नळीतून पाणी गळतंय का. गळत होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवरा आला, आंघोळ केली, जेवला आणि लेकीकडे दोनरेघी वही मागितली. माझी भरली होती, त्याने नवी घेतली. रकाने माझ्यासारखेच, फक्त 'पूल'च्या जागी 'वाशी'. मी झोपताना डोकावून पाहिलं तर पहिल्या ओळीत टीपेच्या रकान्यात लिहिलं होतं: 'चौथी सीट. अर्धी.' कशाला लिहितोयस विचारलं तर म्हणाला, "अकरा महिने मार्चला संपतात ना?"